डान्सस्पोर्टचा कारभार नक्की कोण बघतं? ठाण्यातल्या पालकांचे तेच ते प्रश्न

नौपाड्यातल्या एका डान्स क्लासचं फी-खातं आणि पालकांचा ग्रुप मी सांभाळते. मी स्वतः नाचत नाही, वरातीत सुद्धा नाही, पण मुलगी सहा वर्षं शिकली आणि त्या नादात नियमावल्या वाचायची सवय लागली. दर जूनमध्ये नवीन पालक येतात, ग्रुपवर तेच प्रश्न पडतात आणि मी तीच उत्तरं टाइप करते. या वेळी म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, म्हणजे लिंक टाकली की मी मोकळी.

डान्सस्पोर्ट म्हणजे डान्सच ना? स्पोर्ट कुठून आला त्यात?

डान्सच. पण नियम, वयोगट, लायसन्सवाले जज, रँकिंग आणि डोपिंग टेस्ट असलेला डान्स. मूळ गाभा दोन गटांचा. स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप, आणि लॅटिनमध्ये सांबा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. पाच अधिक पाच, दहा. नंतर त्यात ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स आलं, रॉक अँड रोल वगैरे मंडळी पण आली. दम किती लागतो म्हणाल तर पाच डान्स लागोपाठ, प्रत्येक दीडेक मिनिटाचा, मध्ये जेमतेम श्वास घ्यायला वेळ, आणि अशा राउंडमागून राउंड दिवसभर. एकदा सलग पाच जाइव्ह करून बघा घरी, मग बोलू.

क्रिकेटला जशी आयसीसी तशी इथे कोण?

इथेच घोळ आहे. सरळ उत्तर असं की ऑलिम्पिक समिती ज्यांना मानते ती वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशन, ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. पण "जगात एकच संघटना" असं कोणी सांगितलं तर समजा त्याला पूर्ण माहिती नाही किंवा त्याला तुम्हाला काहीतरी विकायचंय.

एकाच खेळाला दोन-दोन संघटना कशाला?

गोष्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हौशी आणि धंदेवाईक असे दोन वेगळे संसार होते. हौशी म्हणजे नोकरी-शिक्षण सांभाळून नाचणारे, धंदेवाईक म्हणजे शिकवून, शो करून पोट भरणारे. हौशींची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये प्रागमध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत बाड नाउहाइमला जागतिक स्पर्धा झाली. नंतर महायुद्ध, सगळं विस्कटलं. १९५० मध्ये एडिंबरोला व्यावसायिक शिक्षकांच्या संघटनांनी मिळून आपली परिषद काढली, तीच नावं बदलत बदलत आजची वर्ल्ड डान्स कौन्सिल. हौशींनी १९५७ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनला नवीन संघटना उभी केली, तिचं नाव १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय डान्सस्पोर्ट फेडरेशन झालं आणि २०११ पासून ती वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशन.

म्हणजे एक घर शिक्षकांचं आणि एक घर हौशींचं, बरीच वर्षं आपापली भांडी आपापल्या ओट्यावर. मग १९९७ मध्ये ऑलिम्पिक समितीने हौशींच्या फेडरेशनला पूर्ण मान्यता दिली आणि तिथून गणित बदललं, कारण एकदा खेळ म्हणून मान्यता मिळाली की हौशी-धंदेवाईक हा फरकच जुनाट वाटायला लागतो. फेडरेशनने व्यावसायिकांसाठी विभाग काढला, कौन्सिलने हौशींसाठी लीग काढली, आणि मग दोघांच्याही "वर्ल्ड चॅम्पियनशिप"! आमच्याकडे नाचलात तर तिकडे जाऊ नका असले नियम, जजना नोटिसा, कोर्टकचेरी. आपल्याकडे कबड्डीच्या दोन गटांची भांडणं ज्यांनी बघितलीत त्यांना हे अजिबात नवीन नाही. एक घर सोडून दुसऱ्यात गेलेले, परत आलेले डान्सर भरपूर आहेत.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना उत्तम डान्सर आहेत आणि दोन्ही बाजूंना खुर्चीची आवड असलेले लोक आहेत. पण सरकारी मदत, एशियन गेम्स, ऑलिम्पिक असं काही डोक्यात असेल तर तो रस्ता फेडरेशनच्या बाजूनेच जातो, हे पक्कं.

मग ब्लॅकपूल कोणाचं?

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल गावात विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून बॉलरूम डान्सचा, म्हणजे वरच्या स्टँडर्ड-लॅटिनचा, हा महोत्सव होतो. तो फेडरेशनचा नाही. बॉलरूमवाल्यांसाठी मात्र ते पंढरपूर आहे, तिथल्या लाकडी फ्लोअरवर एकदा पाय टेकवायचा म्हणून लोक वर्षभर पैसे साठवतात. ऑलिम्पिकशी संबंध शून्य, इज्जत शंभर टक्के.

माझ्या मुलाला नवी मुंबईत "इंटरनॅशनल" स्पर्धेत गोल्ड मिळालं. पुढे कुठे धरतात ते?

हा प्रश्न आला की मला जरा जपून बोलावं लागतं, कारण मेडल हातात घेऊन पोरगं समोर उभं असतं.

"इंटरनॅशनल" हा शब्द कोणीही बॅनरवर छापू शकतो. आमच्या बाबतीत झालेलं सांगते, नाव नाही घेत. मुलगी दहा वर्षांची होती, वाशीतला हॉल, एंट्री फी सोलोची वेगळी, ग्रुपची वेगळी, व्हिडिओची वेगळी आणि आई-बाबांना आत बसायचं तिकीट पण वेगळं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने सकाळी सातला निघालो. तिच्या गटात स्पर्धक किती? चार. मेडलं किती? चार, एक गोल्ड, एक सिल्व्हर, एक ब्राँझ आणि एक "स्पेशल ज्युरी". इंटरनॅशनल का, तर एक जज दुबईहून आले होते. मुलगी खूश, आजी तर इतकी खूश की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर फोटो लागला. मी परतीच्या गाडीत हिशोब केला आणि गप्प बसले.

वाईट अनुभव नाही म्हणणार मी, स्टेजची भीती गेली तिची. पण त्या मेडलचा पुढे कुठल्याही निवडीत उपयोग नव्हता आणि हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून फी भरायच्या आधी आयोजकांना एवढंच विचारा, की स्पर्धा कुठल्या संघटनेच्या कॅलेंडरवर आहे आणि निकाल कुठल्या रँकिंगमध्ये जातो. खऱ्या फेडरेशनच्या स्पर्धा त्यांच्या वेबसाइटवर तारखेसकट असतात, जजची नावं आणि निकाल पण तिथेच लागतात. उत्तर "मॅडम, बहुत बडा इव्हेंट है" असं आलं तर हौस म्हणून जा, करिअर म्हणून नको.

एका क्लासवाल्यांनी "युनेस्को सर्टिफिकेट" मिळेल म्हणून सांगितलं…

पॅरिसमध्ये युनेस्कोच्या मुख्यालयात १९७३ मध्ये सुरू झालेली एक आंतरराष्ट्रीय डान्स कौन्सिल आहे, तिचं लघुरूप सीआयडी (दया वाली नाही). सगळ्या प्रकारच्या नाचाची ती बिनसरकारी संघटना. तिचं सदस्यत्व किंवा सर्टिफिकेट म्हणजे स्वतः युनेस्कोने तुमच्या मुलीला शिक्का मारला असं नाही, आणि खेळाच्या निवडीशी त्याचा संबंध नाही. भिंतीवर छान दिसतं. बस.

भारतातून रीतसर जायचं तर दार कुठलं?

नियम साधा आहे, एका देशाची एकच सदस्य संघटना. भारतातून ऑल इंडिया डान्सस्पोर्ट फेडरेशन ही वर्ल्ड फेडरेशनला जोडलेली आहे. खेळाडू स्वतः उठून लोझानला अर्ज करत नाही, राष्ट्रीय संघटना त्याची नोंदणी करते, मग त्याला ओळख क्रमांक मिळतो आणि लायसन्स असेल तरच रँकिंगच्या स्पर्धेत उतरता येतं. काही स्पर्धा ओपन असतात तिथे लायसन्सवाला कोणीही एंट्री टाकू शकतो, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपसारख्या ठिकाणी देशाकडून ठरावीक जागा असतात आणि नावं राष्ट्रीय संघटनाच पाठवते. म्हणून "आमची डायरेक्ट वर्ल्डमध्ये सेटिंग आहे" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब.

आणि हो, सदस्य संघटनांची यादी वर्ल्ड फेडरेशनच्या साइटवर उघड आहे. यादी वेळोवेळी बदलते, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः उघडून बघा.

वयोगट कसे मोजतात? आमचा डिसेंबरचा आहे, तोटा होईल का?

होतो थोडा! कारण वाढदिवसाची तारीख बघत नाहीत, त्या कॅलेंडर वर्षात तुम्ही किती वर्षांचे होता ते बघतात. ९ पर्यंत ज्युवेनाइल एक, १० आणि ११ ज्युवेनाइल दोन, १२-१३ ज्युनियर एक, १४-१५ ज्युनियर दोन, १६ ते १८ यूथ, १९ पासून पुढे अॅडल्ट. त्याच्या वर सीनियरचे गट पण आहेत, पस्तिशीनंतरचे, त्यामुळे पालकांनो खुर्चीत बसून फोन बघण्यापेक्षा विचार करा. मुलगा ३१ डिसेंबरला दहाचा होणार असला तरी १ जानेवारीपासूनच तो दहावाल्यांत. शाळेच्या अॅडमिशनची जून-डिसेंबरवाली भानगड डोक्यात ठेवून इथे येऊ नका, गोंधळ होतो. मुलांच्या जोडीत जो मोठा, त्याच्या वयावर गट ठरतो.

छोट्यांना मेकअप, टिकल्या, चमकी चालते का?

फेडरेशनच्या स्पर्धेत ज्युवेनाइलला नाही. मेकअप नाही, चमचमणारं काही नाही, ड्रेस साधा, आणि स्टेप्स पण ठरलेल्या मूळ अभ्यासक्रमातल्याच. गॅदरिंगच्या सवयीने आया नाराज होतात, मी झाले होते. पण आठ वर्षांच्या पोरीला खोट्या पापण्या लावणं थांबवणारा कोणीतरी नियम आहे हे आता बरं वाटतं.

जज नंबर कसे देतात? आमच्या पोराला दोघांनी पहिला दिला होता तरी हरला!

ही तक्रार दर स्पर्धेनंतर येते. नीट सांगते.

सुरुवातीच्या राउंडमध्ये मार्क नसतातच. फ्लोअरवर दहा-बारा जोड्या एकदम नाचतात, प्रत्येक जजला सांगितलेलं असतं की एवढ्या जोड्या पुढे पाठवा, साधारण निम्म्या, आणि तो फक्त नंबरासमोर खूण करतो. ज्यांना जास्त खुणा ते पुढे. असं करत फायनलला बहुतेक वेळा सहा जोड्या उरतात.

फायनलला जुनी पद्धत म्हणजे स्केटिंग सिस्टिम. प्रत्येक जज सहाही जोड्यांना १ ते ६ क्रमांक देतो आणि मग बेरीज नाही, बहुमत बघतात. समजा जज पाच. अ जोडीला १, १, १, ६, ६ आणि ब जोडीला २, २, २, १, १. बेरीज केली तर अ चे १५ आणि ब चे ८, म्हणजे कोणीही म्हणेल ब भारी. पण पाचातल्या तिघांनी अ ला पहिलं मानलंय, बहुमत झालं, अ जिंकली. त्या दोघांनी सहावा का दिला हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही. तर तुमच्या पोराला दोघांनीच पहिला दिला असेल आणि समोरच्याला तिघांनी, तर संपलं. बहुमताचा फायदा असा की एखाद्या जजने मुद्दाम तळाला टाकलं तरी त्याचं एक मत बिघाड करू शकत नाही.

मोठ्या स्पर्धांत फेडरेशनने आता गुणांची पद्धत पण आणलीय, तिच्यात तंत्र, संगीताप्रमाणे हालचाल, जोडीदाराशी ताळमेळ आणि रचना-सादरीकरण असे चार भाग. हॉलमध्ये एक चेअरपर्सन असतो, तो मत देत नाही, नियम बघतो. आकडेमोड करणारा वेगळा, त्याला स्क्रूटिनियर म्हणतात. आमच्या ग्रुपवर मला काहींनी गमतीत तेच नाव दिलंय.

गाणं आपलं पेनड्राइव्हमध्ये न्यायचं ना?

नाही. इथेच गॅदरिंगवाले अडकतात. गाणं आयोजक लावतात, तुम्हाला आधी माहीत नसतं, फक्त लय ठरलेली असते. वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार, क्विकस्टेप ५० ते ५२, जाइव्ह ४२ ते ४४. म्हणजे पाठ केलेला डान्स कुठल्याही गाण्यावर बसवता आला पाहिजे, हीच तर परीक्षा. ब्रेकिंगमध्ये तर डीजे काय लावेल ते. फॉर्मेशन म्हणजे सहा ते आठ जोड्यांचा संघ, त्यांचं संगीत मात्र त्यांचं स्वतःचं असतं.

ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग आलं आणि लगेच गेलं पण. शून्य मिळालेल्या त्या ऑस्ट्रेलियन रेगनबाईमुळे ना?

नाही नाही नाही. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की कीबोर्ड आपोआप लिहितो.

ब्रेकिंग आधी २०१८ च्या ब्युनोस आयर्सच्या यूथ ऑलिम्पिकमध्ये होतं, तिथे चाललं, म्हणून पॅरिसने आपल्या २०२४ च्या यादीत घेतलं. यजमान शहराला काही खेळ सुचवायची मुभा असते, ते त्या एका खेपेपुरते. पुढच्या यजमानांनी सुचवलं नाही की गेले. लॉस एंजेलिस २०२८ ने क्रिकेट, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल मागितलं, ब्रेकिंग नाही. आणि त्या यादीवर शिक्का कुठे बसला माहितीये? आपल्या मुंबईत, बीकेसीला, ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात, १६ ऑक्टोबर २०२३ ला. क्रिकेट आलं म्हणून आपण सगळे नाचलो आणि त्याच यादीत नाचच नव्हता. पॅरिसची स्पर्धा झाली ९ आणि १० ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे रेगनबाई स्टेजवर यायच्या दहा महिने आधीच हे ठरलेलं होतं.

आणि वॉल्ट्झ-टँगो ऑलिम्पिकमध्ये अजून कधीच मेडलसाठी आलेलं नाही. मान्यता असणं वेगळं आणि कार्यक्रमात असणं वेगळं, बुद्धिबळाच्या फिडेला १९९९ पासून मान्यता आहे, पण ऑलिम्पिकमध्ये पट मांडलेला बघितलात का कधी?

पण तिला शून्य कसं मिळालं? शून्य म्हणजे काहीच येत नव्हतं?

शून्य गुण नाही, शून्य मतं. पॅरिसला नऊ जज होते, तंत्र, शब्दसंग्रह म्हणजे मूव्ह्जची विविधता, अंमलबजावणी, संगीताची जाण आणि नवेपणा अशा पाच कसोट्या, प्रत्येकीला सारखं वजन. दोघांपैकी कोण सरस एवढंच जज ठरवतो. गटातल्या प्रत्येक लढतीत दोन राउंड, म्हणजे नऊ गुणिले दोन, अठरा मतं. तिन्ही लढतींत अठराच्या अठरा समोरच्या मुलीकडे गेली. निवडणुकीत डिपॉझिट जप्त झालं म्हणजे उमेदवाराला लिहिता-वाचता येत नाही असं थोडंच? ती ओशनियाची पात्रता स्पर्धा जिंकून रीतसर आली होती. जिंकल्या कोण ते कोणाला आठवत नाही म्हणून सांगते, मुलींत जपानची अमी आणि मुलांत कॅनडाचा फिल विझार्ड.

बॉलरूमवाल्यांच्या हातात ब्रेकिंग कसं गेलं? आमचा मुलगा चिडतो यावर.

मुलगा बरोबर चिडतो. ऑलिम्पिकला दारातून आत यायला मान्यता असलेली संघटना लागते आणि नाचाच्या नावाने मान्यता होती फक्त या फेडरेशनकडे, मग तिच्याच झेंड्याखाली यावं लागलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून आलेल्या नाचाला टेलकोटवाल्यांनी दत्तक घेतलं असा टोमणा जगभर बसला. पण त्याच्याबाहेरही मोठं जग आहे, रेड बुल बीसी वन २००४ पासून चालतं, तिथे फेडरेशनचं राज्य नाही. ब्रेकिंग करणारी ठाण्यातली पोरं जास्त करून तेच बघून शिकलीत. दोन्हीकडे खेळायला हरकत नाही. आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ब्रेकिंग होतं, तिथले विजेते थेट पॅरिसला गेले, तेव्हा सगळा रस्ता काही बंद झालेला नाही.

वसईची पोरं अमेरिकेत जिंकली ती यातूनच ना?

द किंग्स. २०१९ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या "वर्ल्ड ऑफ डान्स"मध्ये दहा लाख डॉलर जिंकले, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलीच पोरं म्हणायची, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. अभिमान आहेच. पण तो टीव्ही शो होता. हिपहॉप क्रूच्या ज्या जागतिक स्पर्धा असतात त्या हिपहॉप इंटरनॅशनल नावाच्या वेगळ्या संस्थेच्या. डान्सस्पोर्ट फेडरेशनचा यातल्या कशाशी संबंध नाही.

व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी काही आहे का?

आहे, आणि व्यवस्थित आहे. पॅरा डान्स स्पोर्ट १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या अखत्यारीत आला. काँबी म्हणजे एक व्हीलचेअरवर आणि एक उभा, ड्युओ म्हणजे दोघं व्हीलचेअरवर, शिवाय सिंगल. पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमात मात्र अजून नाही. आपल्याकडचे बरेच हॉल बघता आधी रॅम्पपासून सुरुवात करावी लागेल, नाट्यगृहात व्हीलचेअर उचलून नेताना मी स्वतः हात लावलाय.

डोपिंग टेस्ट नाचणाऱ्यांची पण?

हो, फेडरेशन वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या नियमांखाली आहे. लहान मुलांची पण होऊ शकते, सोबत मोठं माणूस थांबू शकतं. सर्दीच्या गोळीत स्युडोएफेड्रिन आहे का बघा, स्पर्धेच्या दिवशी ते जास्त सापडलं तर अडचण. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. बंदी असलेल्या औषधांची यादी दर १ जानेवारीला बदलते. डॉक्टरांना "मुलगा स्पर्धेत उतरतो" एवढं सांगून ठेवा, आणि जिमवाल्याने दिलेला पावडरचा डबा तर अजिबात नको.

लेझीम, लावणी, कथ्थक यात का नाही?

कारण नियम युरोपात लिहिले गेले. आणि मला खरं तर नकोच. ढोल-ताशावर लेझीमचा डाव बसलेला असताना कोणी "तंत्र सात पॉइंट पाच" म्हणत पाटी वर केली तर?

मुलीला जोडीदारच मिळत नाही हो ताई, काय करू?

ठाण्यात हा सगळ्यात मोठा प्रश्न, फेडरेशन-बिडरेशन नंतर. आमच्या बॅचला मुली एकवीस, मुलगे चार, त्यातले दोन दहावीला. तोपर्यंत सोलो करू दे, बेसिक पक्कं होतं. नेरूळ आणि ऐरोलीच्या क्लासशी बोलणं चालू आहे, रविवारी एकत्र सराव ठेवायचा. कोणाचा मुलगा १२ ते १५ मधला असेल आणि लाजत नसेल तर ग्रुपवर लिहा, पहिल्या महिन्याची फी मी सरांशी बोलून माफ करून घेते.